पिशवीतला क्ष: संभाव्यतेत बीजगणित शिरलं कसं?

जून 2015 मध्ये इंग्लंडमधल्या जीसीएसई या शालान्त परीक्षेच्या गणिताच्या पेपरात एक प्रश्न आला आणि पेपर सुटल्या सुटल्या ट्विटरवर त्याचाच बोभाटा झाला. पिशवीत क्ष गोळ्या आहेत. त्यांतल्या 6 नारिंगी, बाकीच्या पिवळ्या. हॅना एक गोळी न बघता काढून खाते, मग दुसरी काढून खाते. दोन्ही नारिंगी निघण्याची संभाव्यता 1/3 आहे. तर क्ष² − क्ष − 90 = 0 हे दाखवा.

गोळ्यांच्या गोष्टीत हे वर्गसमीकरण मध्येच कुठून उपटलं, असा मुलांचा सवाल होता. तसं बघितलं तर काम दोन ओळींचं आहे. पहिली गोळी नारिंगी असण्याची संभाव्यता 6/क्ष, दुसरीची 5/(क्ष − 1). त्यांचा गुणाकार 1/3, म्हणून क्ष(क्ष − 1) = 90. उत्तर 10 किंवा उणे 9, आणि पिशवीत उणे नऊ गोळ्या मावत नाहीत.

तरी मुलं गडबडली, कारण संभाव्यता शिकवली जाते एकाच दिशेने: आधी शक्यता मोजा, मग भागाकार करा. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात तर हे प्रकरण बीजगणितातच, म्हणजे गणित भाग 1 मध्ये आहे. दुसरं प्रकरण वर्गसमीकरणांचं, पाचवं संभाव्यतेचं. पण गाडी बहुतेक वेळा नमुना अवकाश लिहा, घटना लिहा, निष्पत्ती मोजा याच रुळावरून जाते. हॅनाच्या प्रश्नात उत्तर आधी हातात दिलेलं आहे आणि मोजायची वस्तूच लपवलेली आहे.

इतिहासातही मोजणी आधी आली आणि अक्षरं नंतर. 1654 मध्ये पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितींमध्ये झालेला पत्रव्यवहार या शास्त्राचा आरंभ मानला जातो. प्रश्न जुगाऱ्यांचा होता. दोघांनी प्रत्येकी 32 पिस्तोल, म्हणजे तेव्हाची सोन्याची नाणी, लावलेत, आधी तीन डाव जिंकेल त्याला सगळे 64. एकाचे दोन डाव झालेत, दुसऱ्याचा एक, आणि खेळ तिथेच मोडावा लागला, तर वाटणी कशी करायची? पास्कल म्हणतो, पुढचा डाव पहिल्याने जिंकला तर त्याला 64 मिळतील, हरला तर बरोबरी होऊन 32. म्हणजे 32 तर त्याचे कुठे गेले नाहीत. उरलेल्या 32 चे निम्मे करा. पहिल्याला 48, दुसऱ्याला 16. युक्तिवाद बिनतोड आहे, आणि त्यात एकही अज्ञात अक्षर नाही. फर्माने तेच उत्तर सगळ्या शक्यता मांडून काढलं.

पास्कलची रीत शेवटच्या डावापासून मागे येते. पण ज्या खेळाला शेवटचा डावच नाही, तिथे मागे यायचं कुठून? इथे अक्षराची गरज पडली आणि ती भागवली डच गणिती क्रिस्तियान ह्यूगेन्सने. तो 1655 मध्ये पॅरिसला गेला तेव्हा हे प्रश्न त्याच्या कानावर आले. लायडनमध्ये त्याचे गुरू होते व्हान स्खोटेन, ज्यांनी फ्रेंच गणिती देकार्तचा ‘भूमिती’ हा ग्रंथ लॅटिनमध्ये आणला होता. अज्ञाताला अक्षर देऊन समीकरण मांडायची देकार्तची सवय ह्यूगेन्सच्या हाडीमाशी मुरली होती ती तिथून. 1657 मध्ये गुरूंच्याच ग्रंथाला जोडून त्याचा छोटासा निबंध छापला गेला. फाशांच्या हिशेबावरचं हे पहिलं छापील स्वतंत्र लेखन.

त्यातला चौदावा प्रश्न बघा. मी आणि माझा प्रतिस्पर्धी आळीपाळीने दोन फासे टाकतो. त्याची बेरीज 6 आली तर तो जिंकला, माझी 7 आली तर मी. पहिली पाळी त्याची. हा खेळ कितीही लांबू शकतो. 36 शक्यतांपैकी 6 ची बेरीज 5 प्रकारे येते, 7 ची 6 प्रकारे. पणाची रक्कम 1 धरू. पाळी त्याची असताना माझ्या वाट्याची किंमत क्ष, माझी असताना य. तो 36 पैकी 31 वेळा चुकतो, मग पाळी माझ्याकडे येते; म्हणून क्ष = 31य/36. मी 6 वेळा जिंकतो आणि 30 वेळा पाळी पुन्हा त्याच्याकडे जाते; म्हणून य = (6 + 30क्ष)/36. दोन समीकरणं, दोन अज्ञातं. क्ष = 31/61. माझा वाटा त्याच्या वाट्याशी 31 ला 30.

मला ही जागा फार आवडते. न संपणारा खेळ दोन ओळींत आवरला, कारण फासे फिरून परत त्याच स्थितीला आले की किंमतही परत तीच, हे ह्यूगेन्सने ओळखलं. अनंत श्रेढीची बेरीज करावीच लागली नाही.

निबंधाच्या शेवटी वाचकांसाठी पाच प्रश्न सोडलेत. दुसऱ्यात 12 सोंगट्या आहेत, 4 पांढऱ्या आणि 8 काळ्या. तिघं जण डोळे बांधून पाळीपाळीने उचलतात, आधी पांढरी काढेल तो जिंकला. काढलेली सोंगटी परत ठेवायची की नाही, हे सांगायचं राहून गेलं. झालं! ह्यूगेन्स आणि ॲमस्टरडॅमचा गणिती हुडे यांची उत्तरं जुळेनात. परत ठेवली तर तिघांचे वाटे 9 : 6 : 4, न ठेवता एकाच ढिगातून काढत गेलं तर 77 : 53 : 35. आजच्या प्रश्नपत्रिकेत ‘परत न ठेवता’ हे शब्द काळजीपूर्वक घातलेले असतात, त्याची निकड तेव्हापासूनची.

ह्यूगेन्सचा निबंध स्विस गणिती याकोब बर्नुलीने आपल्या ग्रंथाच्या पहिल्या भागात टीपांसह पुन्हा छापला. तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, 1713 मध्ये निघाला. उलटा प्रश्न ठामपणे विचारला तो बर्नुलीने: भांड्यात किती पांढरे आणि किती काळे खडे आहेत हे माहीत नसेल, तर पुन्हा पुन्हा खडा काढून ते प्रमाण कळेल का? त्याच्या उदाहरणात 3000 पांढरे आणि 2000 काळे खडे होते. हॅनाची पिशवी या भांड्याची धाकटी बहीण म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे काय होतं? महाभारतातला ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पानं-फळं झटक्यात सांगतो आणि नळाला अक्षहृदय, म्हणजे फाशांचं गुपित, शिकवतो. या कथेत संभाव्यताशास्त्र शोधणारे बरेच आहेत. मला ते ओढूनताणून वाटतं, हिशेब कसा केला हे कथेत नाहीच. भक्कम पुरावा भास्कराचार्यांचा. 1150 च्या ‘लीलावती’त अंकपाश, म्हणजे अंकांच्या मांडण्यांची मोजणी आहे. ‘बीजगणिता’त अज्ञातांना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावं आहेत. या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. मोजणीही होती, अज्ञातंही होती. फाशांचा प्रश्न मात्र त्यांत कुणी घातला नाही.

पण एक धागा भलत्याच ठिकाणी जुळतो. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मॉस्टेलरने 1965 मध्ये मोज्यांचं कोडं छापलं: खणात तांबडे आणि काळे मोजे आहेत, दोन उचलले तर दोन्ही तांबडे असण्याची संभाव्यता 1/2, खणात मोजे किती? तांबडे त, एकूण अ धरा. 2त(त − 1) = अ(अ − 1). दोन्ही बाजूंना चारने गुणून वर्ग पूर्ण केले की (2अ − 1)² = 2(2त − 1)² − 1 असं रूप येतं. ज्याची दुप्पट करून 1 वजा केला तरी वर्गच उरतो, असा वर्ग शोधायचा. वर्गाला एका संख्येने, म्हणजे गुणकाने, गुणून त्यात दुसरी संख्या, म्हणजे क्षेप, मिळवली की पुन्हा वर्गच यावा: हीच भास्कराचार्यांची वर्गप्रकृती, इथे गुणक 2 आणि क्षेप उणे 1. गुणक दोन वर्गांची बेरीज नसेल तर असं उदाहरण सुटत नाही, असं ते बजावतात, आणि सोडवून दाखवतात ती उदाहरणं 13 आणि 8 या गुणकांची. 2 म्हणजे 1 + 1, तेव्हा मोज्यांना अडचण नाही: 4 मोज्यांमध्ये 3 तांबडे, 21 मध्ये 15, 120 मध्ये 85, आणि पुढे हवे तितके.