फेथफुलनेस

फेथफुलनेस : एखादी व्यक्ती, दिलेला शब्द, पत्करलेले काम किंवा समोरची मूळ प्रत यांच्यापासून न ढळण्याचा गुण, असा या इंग्रजी शब्दाचा रोजच्या वापरातील अर्थ आहे. मराठीत त्यासाठी प्रसंग पाहून निष्ठा, इमान, सचोटी किंवा हुबेहूबपणा असे निरनिराळे शब्द योजावे लागतात. फेथ म्हणजे श्रद्धा, हा शाळेत पाठ झालेला अर्थ येथे फारसा कामास येत नाही, कारण श्रद्धा मनात असते आणि फेथफुल कोण हे वागणुकीवरून, तेही बराच काळ लोटल्यावर ठरते. अमेरिकेच्या यलोस्टोन उद्यानात उसळणाऱ्या गरम पाण्याच्या एका फवाऱ्याला १८७० मध्ये ‘ओल्ड फेथफुल’ हे नाव मिळाले, ते केवळ त्याच्या नियमितपणामुळे.

याच अर्थाच्या आसपास इंग्रजीत लॉयल, डिव्होटेड, कॉन्स्टंट, ट्रू असे बरेच शब्द वावरतात आणि ते सरसकट एकमेकांच्या जागी चालत नाहीत. नाशिकच्या पंचवटीची कथा परप्रांतीय पाहुण्यांना इंग्रजीत सांगू लागले की हा फरक लगेच जाणवतो. वनवासात थोरल्या भावाच्या पाठीशी उभा राहणारा लक्ष्मण लॉयल ठरतो, हनुमान डिव्होटेड ठरतो, आणि सीतेसाठी व एकपत्नीव्रती रामासाठी फेथफुल हाच शब्द तोंडात येतो. लॉयल या शब्दात बाजू घेण्याचा भाव आहे. म्हणून तो पक्ष, संघ, दुकान यांच्याशी सहज जुळतो. फेथफुल हा शब्द पती-पत्नीच्या नात्यात जवळजवळ मुरून गेला आहे. दुसरा काही संदर्भ न देता एखाद्याला अनफेथफुल म्हटले, तर ऐकणारा व्यभिचार असाच अर्थ घेतो. ऑफिसातील सहकाऱ्याविषयी हा शब्द सहज वापरणाऱ्याने एवढे भान ठेवलेले बरे. कॉन्स्टंट आता गणितातच अधिक आढळतो.

फेथ हा शब्द लॅटिन ‘फिदेस’पासून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. लॉयल आणि लीगल हे दोन्ही शब्द मात्र ‘लेगालिस’ या एकाच लॅटिन शब्दातून निघाले आहेत. म्हणजे लॉयल माणूस हा मुळात कायद्याने बांधलेला माणूस होता. ‘फिदेस’चा विस्तार नाशिककरांच्या रोजच्या कागदपत्रांतही आहे, फक्त तो ओळखू येत नाही. एसटीच्या पाससाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी विद्यार्थी शाळेच्या ऑफिसातून जे ‘बोनाफाईड’ काढतो, त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘सद्भावनेने’ असा आहे. महाराष्ट्रात मात्र तो दाखल्याचे नाव होऊन बसला. नावातील बदलासाठी किंवा हरवलेल्या कागदासाठी करावे लागणारे अ‍ॅफिडेव्हिट हेही याच मुळाचे. ‘मी खालील सही करणार सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’ या टंकलेखकाला तोंडपाठ असलेल्या ओळीत तो जुना अर्थ शाबूत आहे, मग लिहून देणाऱ्याने ती वाचलेली असो वा नसो.

संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतील आमदार-खासदारांच्या शपथेत हे शब्द शेजारी शेजारी येतात. इंग्रजीतील ‘ट्रू फेथ अँड अलिजन्स’साठी मराठीत ‘खरी श्रद्धा व निष्ठा’ म्हटले जाते आणि पुढे कर्तव्य ‘फेथफुली’ पार पाडण्यासाठी ‘निष्ठापूर्वक’ येते. अलिजन्स म्हणजे राज्यसत्तेशी असलेली बांधिलकी आणि फेथफुली म्हणजे कामातील सचोटी. मराठीत दोन्हींचा भार निष्ठेवरच पडतो.

कायद्याने ‘गुड फेथ’चा, म्हणजे सद्भावनेचा, अर्थ दोन प्रकारे लावला आहे आणि तो फरक मोठा आहे. कायद्यांत वारंवार येणाऱ्या शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या १८९७ च्या सामान्य खंड अधिनियमानुसार (जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट) काम प्रामाणिकपणे केलेले असले म्हणजे पुरते, मग त्यात हलगर्जी झालेली असली तरी चालते. १८६० च्या भारतीय दंड संहितेने मात्र योग्य ती काळजी घेतल्याशिवाय केलेले काम सद्भावनेने केले असे मानायला नकार दिला. फौजदारी प्रकरणात ‘माझा हेतू चांगला होता’ एवढ्यावर सुटका का होत नाही, ते यावरून कळते.

पत्रव्यवहारात अनोळखी व्यक्तीला ‘डिअर सर’ असे संबोधले की शेवटी ‘यूअर्स फेथफुली’ आणि नावाने संबोधले की ‘यूअर्स सिन्सिअर्ली’, हा ब्रिटिश शिरस्ता. अमेरिकेत तो पाळत नाहीत. मराठी अर्जाखालचा ‘आपला विश्वासू’ हा त्याचाच जोडीदार.

फिडेलिटी हा ‘फिदेस’पासूनच आलेला, निष्ठा या अर्थाचा शब्द नकलेच्या अचूकतेसाठीही वापरतात. मूळ आवाज जसाच्या तसा ऐकवणाऱ्या यंत्राला हाय-फाय म्हणतात ते त्यामुळेच. विमा व्यवसायात तोच शब्द उलट्या बाजूने येतो : नोकराच्या अफरातफरीने होणारे मालकाचे नुकसान भरून देणारी पॉलिसी ‘फिडेलिटी गॅरंटी’ या नावाने विकली जाते. इन्फिडेल म्हणजे परधर्मी किंवा धर्म न मानणारा, पण इन्फिडेलिटी बहुधा वैवाहिक प्रतारणा. एकाच मुळाचे हे दोन शब्द इतके दूर गेले आहेत.

विश्वासावर चालणाऱ्या चलनाला अर्थशास्त्रात ‘फिड्युशरी’ म्हणतात, आणि तोही ‘फिदेस’चाच वंशज. नाशिकरोडचे मुद्रणालय, गावकऱ्यांच्या तोंडी नुसते ‘प्रेस’, १९२५ मध्ये सुरू झाले आणि १९२८ पासून तेथे नोटा छापल्या जाऊ लागल्या. रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर गव्हर्नरच्या सहीने धारकाला रक्कम देण्याचे वचन असते. एक रुपयाच्या नोटेवर ते नसते, कारण ती नोट भारत सरकार काढते आणि तिच्यावर वित्त सचिवाची सही असते.