गर्भपात: पिशवीचं तोंड काय सांगतं?

गर्भ बाहेर जगू शकेल इतका वाढण्याआधी, आपल्याकडच्या हिशेबाने साधारण २० आठवड्यांच्या आत, दिवस आपोआप मोडले तरी केसपेपरवर ‘अ‍ॅबॉर्शन’च लिहितात. परळच्या किंवा शीवच्या ओपीडीत सुनेच्या कागदावर ते वाचून सासूबाईंनी तिने मुद्दाम पाडल्याचा संशय घ्यायचं कारण नाही.

अंगावरून जाऊ लागलं की डॉक्टर दोन गोष्टी बघतात: पिशवीचं तोंड उघडलंय का आणि आत काय उरलंय. तोंड बंद आणि सोनोग्राफीत ठोके दिसतायत, तर बहुतेकदा गर्भ टिकतो. त्यासाठी पलंगावर पडून राहिल्याचा फायदा मात्र दिसलेला नाही. तोंड उघडलं की गर्भपात टळत नाही. काही भाग आत अडकला तर पिशवी नीट आकसत नाही, रक्तवाहिन्या उघड्या राहतात आणि रक्त थांबत नाही. त्यात जंतू शिरले की ताप येतो, स्रावाला घाण वास येतो आणि प्रकरण जिवावर बेतू शकतं. सलग दोन तास, तासाला दोन मोठे पॅड भिजत असतील तर सकाळ उजाडायची वाट बघू नये.

फसवा प्रकार ‘मिस्ड’: ठोके थांबलेत, पण ना रक्त ना कळा. गर्भाची लांबी ७ मिमी किंवा जास्त असून ठोके नसतील तर निदान पक्कं. त्याहून लहान असेल तर किमान आठवड्याने पुन्हा सोनोग्राफी करायची, घाईने पिशवी साफ करायची नाही.

सुरुवातीच्या आपोआप गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतल्या बिघाडामुळे होतात. लोकलच्या धक्क्यांवर उगाच खापर फुटतं.

गर्भपात स्वतःहून करवून घ्यायचा असेल तर ९ आठवड्यांपर्यंत गोळ्या चालतात. मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅम, मग २४ ते ४८ तासांनी मिसोप्रोस्टॉल ८०० मायक्रोग्रॅम. पहिली गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचं काम अडवते, दुसरी कळा आणते. केमिस्टकडून परस्पर आणण्यातला मोठा धोका म्हणजे गर्भ नळीत असला तर या गोळ्यांनी तो निघत नाही; रक्त जातं, बाईला वाटतं काम झालं, आणि पुढे नळी फुटते. १२ आठवड्यांपर्यंत सक्शनने पिशवी रिकामी करता येते.

गर्भपाताचा कायदा १९७१ चा. हृदयदोष असलेल्या गर्भासाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००८ साली परवानगी नाकारली, कारण तेव्हाची २० आठवड्यांची मर्यादा उलटली होती. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, ठरावीक गटांतल्या स्त्रियांना २४ पर्यंत दोघांचं लागतं. त्यापुढे गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. संमती फक्त तिची, वय १८ पूर्ण असलं की झालं. तरी नवऱ्याची सही मागणारे दवाखाने आहेतच.