धानाच्या मुळावरचा गंज

श्रावणात झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातल्या, एका गावी गेलो होतो. तलावाच्या पाळीखालच्या बांधीत (धानाच्या शेतात) पाण्यावर इंद्रधनुषी तवंग आला होता, पेट्रोल सांडल्यासारखा. त्याचा व्हिडिओ गावभर फिरून झाला होता. बांधीचा मालक हळूच म्हणाला, "गुरुजी, खाली तेल तं नाही ना लागलं जी?" मी धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, काडी उचलून तवंगावर ओढली. त्याचे पापुद्रे तुटले आणि तसेच सुटे तरंगत राहिले. तेल असतं तर काडी काढताच पुन्हा एक झालं असतं. हे लोह होतं.

त्याच बांधीत धानाच्या खालच्या पानांवर, टोकाकडून सुरू झालेले तांबूस ठिपके होते. करपा समजून दोनदा फवारणी झाली होती. करपा बुरशीमुळे येतो. हे ठिपके लोहाचे, त्यांना बुरशीनाशक काय करणार!

आपल्याच विदर्भात चुनखडीच्या जमिनीवरचा संत्रा लोहाअभावी पिवळा पडतो. मातीत लोह असतं, पण गंजाच्या रूपात. विरघळत नाही, मुळाला मिळत नाही. बांधीत उलटं घडतं. ऑक्सिजन हवेपेक्षा पाण्यातून सुमारे 10,000 पट हळू पसरतो. तुंबलेल्या चिखलातला उरलासुरला ऑक्सिजन जंतू एक-दोन दिवसांत संपवतात. मग श्वास चालू ठेवायला ते आधी नायट्रेट, मग मँगनीज आणि त्यानंतर लोह वापरतात. गंजातल्या लोहाला एक इलेक्ट्रॉन मिळाला की ते पाण्यात विरघळतं. त्यात पाळीखालच्या बांधीत पाझराचं पाणी वरच्या अंगाचं लोहही घेऊन येतं.

असं विरघळलेलं लोह पेशीत जास्त झालं की घात. पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड थोडंफार असतंच. ही जोडी किती आक्रमक असते ते हेन्री फेंटनने 1894 साली दाखवलं होतं. तिच्यातून हायड्रॉक्सिल मूलक नावाचे अतिक्रियाशील कण निघतात आणि समोर येईल ते, म्हणजे पेशीपटल, प्रथिनं, डीएनए, जाळत सुटतात. पानावरचे ठिपके त्याचेच.

तरीही धान तगतं, कारण ते लोहाला दारातच गंजवतं. मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग. धानाचं मूळ आडवं कापून भिंगाखाली धरा, आत पोकळ नळ्या दिसतील. पानांतून आलेली हवा त्यांतून थेट मुळाच्या शेंड्यापर्यंत उतरते. मुळाच्या वरच्या भागात बाहेरच्या पेशींवर सुबेरिनचा लेप बसतो. बुचाच्या झाडाची साल ज्याची असते, तोच हा मेणचट पदार्थ. त्यामुळे हवा वाटेत गळत नाही. शेंड्याजवळ मात्र लेप नसतो. तिथून ऑक्सिजन चिखलात झिरपतो. विरघळलेलं लोह मुळाकडे येतं, ऑक्सिजनला भेटतं आणि तिथल्या तिथे गंजून मुळावर बसतं. हळूहळू मुळाला नारिंगी अस्तर चढतं. मुळं काळी असतील आणि सडक्या अंड्याचा वास येत असेल, तर हा बचाव कोलमडलाय असं समजायचं. तो काळा रंग आयर्न सल्फाइडचा.

यातूनही जे लोह आत शिरतं, त्यातलं काही पेशी रिक्तिकेत, म्हणजे आपल्या आतल्या साठवणीच्या पिशवीत, कोंडते, काही फेरिटिन नावाच्या गोल प्रथिनात. एका फेरिटिनमध्ये लोहाचे 4,500 पर्यंत अणू मावतात.

'लोहवाल्या मातीतला तांदूळ खा, रक्त वाढेल' असले मेसेज फिरतात, ते खोटे. लोहाचा बहुतेक साठा मुळं आणि पानांत अडकतो. दाण्यात फार थोडं जातं, त्यातलंही बरंच कोंड्याबरोबर गिरणीतच राहतं. लाल तांदळाचा लाल रंगही लोहाचा नव्हे, सालीतल्या रंगद्रव्याचा.

मालकाला सांगितलं, पाण्याची सोय असेल तर धुरा फोडून काही दिवस बांधी निथळू द्या, आणि पालाशची (पोटॅशियमची) कमतरता आहे का ते माती तपासून पाहा. पालाश कमी पडलं की मुळांची लोह गंजवण्याची ताकद घटते. त्याने धानाची एक चूड (रोपांचा झुबका) उपटून धुतली. जुनी मुळं नारिंगी, शेंडे पांढरे. म्हणजे झाड अजून लढत होतं.

मी बोटं रुमालाला पुसली. रुमालावर पडलेला तांबूस डाग साबणाने हलला नाही. घरी लिंबू चोळल्यावर गेला. लिंबातलं सायट्रिक आम्ल लोहाला धरून विरघळवतं. धानही मुळातून वर पानांकडे लोह नेतं ते याच आम्लाला बांधून.