सागरी सायबर सुरक्षा

सागरी सायबर सुरक्षा : जहाजावरील दिशादर्शन, इंजिन, मालाची चढउतार आणि किनाऱ्याशी संपर्क सांभाळणारी संगणकयंत्रणा हल्ल्यापासून व बिघाडापासून राखण्याची व्यवस्था. हिचे नियम संगणकतज्ज्ञांनी एकट्याने घडवलेले नाहीत. त्यांचा मोठा भाग उलटलेल्या आणि रुतलेल्या जहाजांच्या चौकशी अहवालांतून आला आहे.

६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधील झेब्रुगे बंदरातून डोव्हरकडे निघालेली ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरीबोट बंदराबाहेर पडताच कलंडली. १९३ जण दगावले. गाड्या आत घेण्याचा नाळेकडचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा, दरवाजा उघडाच राहिला होता. तो लावण्याचे काम ज्याच्याकडे होते, तो खलाशी केबिनमध्ये झोपला होता. कप्तानाला ब्रिजवरून, म्हणजे जहाज जिथून हाकतात त्या कक्षातून, दरवाजा दिसत नव्हता आणि ‘दरवाजा लावला’ असे कळवण्याची पद्धतही नव्हती. कोणी काही बोलले नाही म्हणजे सगळे ठीक, असे धरून जहाज हाकारले जाई. ब्रिजवर एक सूचक दिवा बसवावा ही कप्तानांची मागणी कंपनीच्या कचेरीने आधीच थट्टेवारी नेली होती. चौकशी खलाशाच्या झोपेपाशी थांबली नाही. ढिलाईचा रोग कंपनीत वरपासून खालपर्यंत भिनल्याचे तिने नोंदवले.

सायबर सुरक्षेच्या दृष्टीने त्याहून बोलका प्रसंग ‘रॉयल मॅजेस्टी’ या पर्यटक जहाजाचा. जून १९९५ मध्ये ते बर्म्युडाहून बोस्टनला निघाले आणि तासाभरात जीपीएसच्या अँटेनाची तार निसटली. यंत्राने क्षणभर बारीकसा आवाज केला, पडद्यावर दोन छोट्या खुणा उमटल्या आणि मग वेग व दिशा यांवरून ते अंदाजाने स्थान दाखवू लागले. स्वयंचलित सुकाणू त्याच आकड्यांवर चालले. सुमारे ३४ तासांनी, ठरलेल्या मार्गापासून १७ मैल भरकटून, जहाज नँटकेट बेटाजवळच्या उथळ वाळूत रुतले. जीवितहानी झाली नाही. लोरान हे किनाऱ्यावरच्या रेडिओ संकेतांवरून स्थान सांगणारे दुसरे यंत्र जहाजावर चालू होते, पण त्याच्याशी कोणी ताळा करून पाहिला नाही. पाण्यातला अपेक्षित बोया (मार्ग दाखवणारी तरंगती खूण) दिसला नाही, तरी तो दिसल्याचे सांगितले गेले. इथे हल्लेखोर नव्हताच. पण २०१७ मध्ये काळ्या समुद्रात बनावट जीपीएस संकेतांमुळे अनेक जहाजांना आपण किनाऱ्यावरच्या विमानतळावर असल्याचे दिसू लागले, तेव्हा ही गोष्ट जुनी राहिली नाही. फरक एवढाच, की इतकी ढोबळ थाप खलाशाला लगेच कळते. रॉयल मॅजेस्टीसारखी, हळूहळू सरकणारी चूक कळत नाही.

हेरल्डसारख्या अपघातांनंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९३ मध्ये सुरक्षा व्यवस्थापन संहिता स्वीकारली आणि १९९८ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची केली. प्रत्येक कंपनीने किनाऱ्यावर थेट वरिष्ठांपर्यंत पोहोचू शकणारा अधिकारी नेमणे हे तिचे एक प्रमुख कलम. सायबर धोक्यासाठी संघटनेने नवी संहिता लिहिली नाही. जून २०१७ च्या ठरावाने तो याच व्यवस्थेत बसवला आणि १ जानेवारी २०२१ नंतरच्या पहिल्या वार्षिक तपासणीपर्यंतची मुदत दिली.

ठरावाची शाई वाळते न वाळते तोच, २७ जूनला नॉटपेट्या हा विध्वंसक प्रोग्राम मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीत शिरला. न्हावा शेवा येथील तिच्या समूहाचे टर्मिनलही अडकले आणि कंटेनरचे ट्रक ताटकळले. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागल्याचे कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर उघडपणे सांगितले. असा मोकळेपणा विरळाच. जहाज बुडाले तर चौकशी होते, अहवाल छापला जातो आणि तो परक्या कंपनीचा कप्तानही वाचतो. सायबर घटना मात्र बहुधा घरातच दाबली जाते. शिवाय वादळ कोणाचा अहवाल वाचून डाव बदलत नाही, हल्लेखोर बदलतो. जहाजांच्या अपघातांशी केलेली तुलना तिथे तोकडी पडते.

जहाजाच्या बांधणीतच सायबर संरक्षण असावे असा वर्गीकरण संस्थांच्या, म्हणजे जहाजांच्या बांधणीचे निकष ठरवून ती तपासणाऱ्या संस्थांच्या, संघटनेचा नियम १ जुलै २०२४ पासून करार होणाऱ्या नव्या जहाजांना लागू आहे. त्याआधीची जहाजे, ज्यांतली कित्येक अजून वीसेक वर्षे फिरतील, कंपनीच्या व्यवस्थापन पद्धतीवरच अवलंबून आहेत. नकाशांची अद्ययावत आवृत्ती पेन ड्राइव्हवरून यंत्रात घालणारा अधिकारी तो पेन ड्राइव्ह आधी तपासतो की नाही, हेही त्यातच आले.