संभाव्य मूळ आणि सिद्ध मूळ: ‘९९.९९ टक्के मूळ’ असं काही नसतं

मूळ संख्या म्हणजे काय, ते पाचवीत झालंय. विक्रमाच्या बातमीत ‘जगातली सर्वात मोठी मूळ संख्या’ असंही लिहू नका. मूळ संख्या संपतच नाहीत, ‘ज्ञात’ हा शब्द गाळला की वाक्यच खोटं ठरतं. पुढे.

२०२४ मध्ये सापडलेली तेव्हाची सर्वात मोठी ज्ञात मूळ संख्या: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. अंक ४,१०,२४,३२०. ११ ऑक्टोबर २०२४ ला डब्लिनमधल्या संगणकाने ती ‘संभाव्य मूळ’ असल्याचं कळवलं, १२ ला अमेरिकेतल्या सॅन अँटोनिओमधल्या संगणकाने ‘मूळ’. दुसरी म्हणजे पहिलीचीच फेरतपासणी, असं सर्रास लिहिलं जातं. नाही. त्या दोन वेगळ्या कसोट्या आहेत.

पहिली, गणितज्ञ फर्माच्या कसोटीच्या घराण्यातली. संख्या न असेल तर १ पेक्षा मोठा आणि न पेक्षा लहान एक पाया घ्या, त्याचा (न − १) वा घात काढा, न ने भागा. बाकी १ आली नाही, तर न संयुक्त. अवयव न सापडताही सोक्षमोक्ष लागतो. बाकी १ आली, तर एवढंच की न पकडली गेली नाही. पाया २ घेऊन ३४१ तपासा: २ चा १० वा घात १०२४, म्हणजे ३ × ३४१ + १. म्हणून ३४० व्या घाताचीही बाकी १. आणि ३४१ = ११ × ३१!

मर्सेन संख्यांना (२ चा एखादा घात वजा १) तर पाया २ लावणं निव्वळ वेळेचा अपव्यय. २०४७ = २ चा ११ वा घात − १. २०४८ ला २०४७ ने भागून बाकी १, आणि २०४६ ला ११ ने भाग जातो, त्यामुळे २०४७ पास. प्रत्यक्षात ती २३ × ८९. घातांक मूळ असला की अशी प्रत्येक संख्या पास होते. म्हणून तिथे पाया ३ घेतात: बाकी १०१३, चोरी उघड.

दुसरी लुकास-लेमर. ४ पासून सुरुवात. वर्ग करा, २ वजा करा, मर्सेन संख्येने भागून बाकी ठेवा. घातांकापेक्षा दोनने कमी वेळा. शेवटी ० आलं तर मूळ, नाहीतर नाही, दोन्हीकडून पक्कं. ३१ साठी (घातांक ५) तीन पायऱ्या: १४, ८, ०. २०४७ साठी नऊ पायऱ्यांनंतर १७३६ उरतात.

मग थेट हीच का लावत नाहीत? कारण फर्मा-पद्धतीत हार्डवेअरची चूक हिशेब चालू असतानाच स्वस्तात पकडता येते. लुकास-लेमरमध्ये तशी सोय नाही, आणि एक बिट घसरला की पुढचं सगळं वाया.

‘संभाव्य’ हा संख्येचा गुण नाही, आपल्या माहितीची अवस्था आहे. आरएसए या सांकेतिकीकरण पद्धतीच्या किल्लीसाठी ती अवस्था पुरते: मिलर-राबिन या फर्मासारख्याच पण कडक कसोटीत यादृच्छिक पाया घेतला, तर संयुक्त संख्या एका फेरीत निसटण्याची शक्यता फार तर १/४, आणि फेऱ्या वाढवणं हातात असतं. विक्रमाला मात्र सिद्धताच लागते, आणि लुकास-लेमर मर्सेनखेरीज इतरांना लागू नाही. सलग ८१,७७,२०७ वेळा १ लिहून होणारी संख्या २०२१ मध्ये संभाव्य मूळ ठरली. तिला ‘मूळ’ म्हणू नका.