तोकेलाऊ

तोकेलाऊ म्हणजे पॅसिफिकमधली तीन कंकणद्वीपं (मधल्या पाण्याभोवती बांगडीसारखी पसरलेली प्रवाळाची बेटं), अताफू, नुकुनोनू आणि फाकाओफो. तिन्ही मिळून जमीन जेमतेम १०-१२ चौरस किलोमीटर, लोक दीड हजाराच्या आसपास. एवढं असून ही बेटं एकमेकांपासून ६०-९० किलोमीटर लांब. मालकी न्यूझीलंडची, त्यामुळे पासपोर्ट तिथला, डॉलरही तिथलाच. जमीन कुठेच समुद्रापासून ५ मीटरच्या वर जात नाही, डोंगर नाही, नदी नाही, नारळ आहेत, केवड्याच्या जातीची झाडं आहेत आणि खड्डे खणून त्यात लावलेला अळूच्या जातीचा पुलाका नावाचा कंद आहे.

विमानतळ नाही. शेजारच्या सामोआ देशातल्या आपियाहून बोट पकडायची, दिवसभराहून जास्त लागतो, आणि पोचलात तरी धक्का नाहीच, मोठी बोट बाहेरच थांबते आणि छोट्या होडीतून प्रवाळाच्या भिंतीत केलेल्या वाटेने किनाऱ्यावर नेतात. लाट बघून होडी आत घालायची, त्यामुळे समुद्र खवळला की सामान आणि माणसं दोन्ही बाहेरच ताटकळत.

इथली खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे इनाती. गावाच्या वतीने पुरुष मासेमारीला गेले की पकडलेली मासळी घरी जात नाही, ती किनाऱ्यावर ओतायची, मोजायची आणि घराघरातली माणसं मोजून वाटे पाडायचे. मग एकेका गटाचं नाव पुकारतात आणि पोरंटोरं टोपल्या घेऊन आपला वाटा न्यायला धावतात. म्हातारी माणसं, विधवा, ज्यांच्या घरात मासे पकडणारं कोणी नाही त्यांनाही तेवढाच हक्काचा वाटा, कोणी उपकार करतंय असं नाही. आपल्याकडे बाजारात मासळीचा वाटा म्हटलं की आधी भाव विचारतो, तिथे त्या शब्दाला भावच नाही. दुकानं, पगार, फ्रीजर आले तरी ही पद्धत अजून आहे.

इतिहासातला सगळ्यात वाईट काळ १८६३ चा. पेरूची गुलामांची जहाजं आली आणि जवळपास निम्मी माणसं उचलून घेऊन गेली, त्यातली फारच थोडी परत आली. पुढे ब्रिटिश, मग १९२०च्या दशकात कारभार न्यूझीलंडकडे. प्रत्येक गावाचा कारभार वडीलधाऱ्यांची तौपुलेगा नावाची सभा बघते आणि अख्ख्या तोकेलाऊचं प्रमुखपद, ज्याला उलू म्हणतात, ते दरवर्षी एका बेटाकडून दुसऱ्याकडे जातं, म्हणजे कायमची राजधानी असा प्रकारच नाही.

न्यूझीलंडशी नातं ठेवून स्वतःचा कारभार स्वतः करायचा का यावर २००६ साली मतदान झालं. दोन तृतीयांश मतं हवी होती, मिळाली ६० टक्के. २००७ ला परत घेतलं तर फक्त १६ मतं कमी पडली! न्यूझीलंडात राहणारे तोकेलाऊवाले बेटांवरच्या लोकांच्या कितीतरी पट आहेत, पण त्यांना मत नव्हतं.

वीज मात्र २०१२ साली जवळपास सगळी सोलरवर गेली, आधी डिझेलची पिंपं बोटीतून यायची. इंटरनेटवर त्यांचा डॉट टीके (.tk) ने संपणारा वेबपत्ता फुकट मिळायचा म्हणून जगभरच्या लोकांनी लाखोंनी साइट काढल्या, त्यात स्पॅमवालेही भरपूर.

२०११ च्या शेवटी सामोआने तारीखरेषा ओलांडून घड्याळ बदललं, मग ज्यांची बोट तिथूनच सुटते त्यांनाही बदलावं लागलं आणि ३० डिसेंबर हा दिवस तोकेलाऊत उगवलाच नाही. त्या दिवशी वाढदिवस असलेल्यांनी केक कधी कापला कोण जाणे.