तुरीचा मर आणि तोंडातलं शेत

आप्पांच्या गालाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, किरणांचे शेक (रेडिएशन) घेऊन झाले. पाच वर्षं लोटली तसं घर निवांत झालं. मग घास छातीत अडकू लागला. "शेकानं घसा कोरडा पडलाय, त्याचंच हे," म्हणत ते ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून खात राहिले. चार महिन्यांनी दुर्बीण घातली तर अन्ननलिकेत गाठ. सगळे म्हणाले, जुना आजार उलटला. उलटला नव्हता. हा दुसराच, स्वतंत्र कॅन्सर होता.

मराठवाड्यात तूर पेरणाऱ्याला हे मर रोगावरून समजेल. वाळलेलं झाड उपटलं तरी बुरशी मातीत राहते आणि काही दिवसांनी चार हातांवरचं झाड मान टाकतं. तंबाखू-चुन्याचा बार एकाच गालात धरला, तरी रस लाळेतून तोंडभर फिरतो, घशाखाली उतरतो. विडीचा धूर फुप्फुसापर्यंत जातो. वर्षानुवर्षं असं चाललं की त्या सगळ्या वाटेवरच्या अस्तरात, पेशींच्या जनुकांमध्ये बिघाड साठत जातात. वरून मात्र ते निरोगी दिसू शकतं. १९५३ साली स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या कॅन्सरचे ७८३ रुग्ण अभ्यासले, तेव्हा गाठीभोवतीचं अस्तरही बिघडलेलं आढळलं. त्यांनी नाव दिलं 'फील्ड कॅन्सरायझेशन'. फील्ड म्हणजे शेतच की!

पाच वर्षांचा हिशेब इथंच फसवतो. जुना कॅन्सर उलटायचा तर बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो. नव्याचा धोका तसा ओसरत नाही. दरवर्षी साधारण शंभरातल्या तीन-चार जणांना तो गाठतो, आणि तंबाखू, विडी किंवा दारू चालू असेल तर जास्त. तोंडात, घशात, अन्ननलिकेत, फुप्फुसात, कुठंही. पण तो नवा असेल आणि लवकर सापडला, तर पूर्ण बरं करायच्या हिशेबानं उपचार करता येतात. आप्पांचे ते चार महिने मला म्हणूनच सलतात.

घास अडकणं, आवाज बसणं, न भरणारा व्रण, पांढरा-लाल चट्टा यांतलं काही दोन-तीन आठवडे टिकलं, तर डॉक्टरांना ती नवी तक्रार म्हणूनच सांगा. जुनी फाईल आणि बायोप्सीच्या काचाही (गाठीचा तुकडा तपासलेल्या काचपट्ट्या) न्या. जुन्या-नव्या पेशी शेजारी ठेवून बघितल्या, की हे जुनंच पुन्हा आलंय की नवीन उगवलंय, याचा माग काढायला त्यांची मोठी मदत होते.